साडीला मरण नाही

"आसस मगे?"

आमच्या मागच्या दारातून ही हाक दिवसभर यायची. आसस मगे, म्हणजे आहेस ना गं. काम काही नसायचं. मी आतून "आसंय, वयनी" म्हटलं की हाक मारणारी तिथूनच परत. सुरुवातीला मला या प्रकाराचा भारी राग यायचा. सकाळच्या शाळेत घसा फोडून यावं, चहाचा कप तोंडाला लावावा, आणि मागून "आसस मगे?" अहो, असणार नाही तर जाणार कुठे? एकदा मी कप हातात घेऊनच मागच्या दारी गेले आणि म्हटलं, "वयनी, रोज रोज काय हो हे?"

ती कळशी कमरेवर घेऊन उभी होती. जराही ओशाळली नाही. "मी बांयर जातंय गो बाये. वाटेर त्या फणसाखाली माका भंय दिसता. तू आसस म्हटला की पाय उचालता."

बांय म्हणजे विहीर. ती आमच्या दोघींच्या परसांच्या मधोमध, दारातून दिसते एवढ्यावर. आणि वेळ भर दुपारची.

ती सगळ्या वाड्याची वयनी होती. सासू-सासऱ्यांची सोडून बाकी सगळ्यांची. तिच्याएवढी भित्री बाई मी पाहिली नाही, तुम्हीही पाहिली नसेल. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, अनोळखी माणसाच्या स्कूटरला भ्यायची. मिक्सरचं बटण दाबलं की स्वयंपाकघराबाहेर पळायची. मोबाइल वाजला की तो लांब धरून माझ्याकडे घेऊन यायची. "बघ गो, कोण गेला काय ता." कुणी मेल्याशिवाय फोन वाजत नाही अशी तिची पक्की समजूत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हिच्यापाठी लागून तोही एव्हाना दमला असेल, असं आमचे हे म्हणायचे.

आणि हीच बाई, आसपासच्या वाड्यांत कुणी वारलं की बाराव्याच्या आत त्या घरी जायची, दारात उभी राहायची आणि मेलेल्या माणसाचे कपडे मागायची.

आता तुम्ही कपाळाला आठ्या घालाल. घाला. आम्हीही घातल्या होत्या. पण त्याआधी आमची नदी कशी आहे ते ऐका.

माझं माहेर वाळपईच्या पलीकडे. तिथे नदी डोंगरातून येते आणि खाली जाते. गेलेलं पाणी परत येत नाही आणि पाण्यात सोडलेली वस्तूही परत येत नाही. लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा कळलं की इकडे नदीला दोन्ही दिशा ठाऊक आहेत. ओहोटीला ती समुद्राकडे जाते, भरतीला समुद्र घेऊन परत येते. आमची शेतं नदीच्या पातळीहून खाली. त्यांना खाजन म्हणतात. नदी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक मानस. मानस म्हणजे लाकडी दारांचं बांधकाम. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं ती दारं आपोआप मिटतात, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलून नदीत जातं. वीज नको, इंजिन नको. फक्त दारांच्या मध्ये काही अडकता कामा नये. अडकलं की दार मिटत नाही, खारं पाणी शेतात घुसतं, वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाचं, उभं भात पिवळं पडतं आणि पुढे विहिरींचं पाणी मचूळ होतं. सगळ्या वाड्याच्या तोंडचा घास त्या दारांवर आहे.

म्हणून काही अडकलं की कुणीतरी पाण्यात उतरून ते काढावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे वयनीचा एकुलता एक मुलगा, उमेश. दिवसा शाळेची बस चालवायचा, अजून चालवतो. मानस त्याच्याकडे बापाकडून आली. बाप तापानं गेला, पोरगा कॉलेजात असतानाच.

पूर्वी मानशीत अडकायचं ते लाकूड, माडाची झावळ, फार तर मेलेलं वासरू. झावळ मोडता येते. लाकूड निसटतं. हल्ली अडकतात कपडे. साडी दाराच्या फटीत शिरली की तिची वात होते, आणि ती जितकी ओढावी तितकी घट्ट बसते. आमच्याकडे रीत अशी की माणूस गेलं की त्याचे कपडे नदीला द्यायचे. रीत जुनी आहे आणि जुन्या काळी ती बरीही असेल, कारण सुती लुगडं पाण्यात कुजून जायचं. आता बाई गेली की माहेरचे एक साडी आणतात, नणंदा आणतात, जावा आणतात, शेजारणी आणतात. त्या साड्या अंगावर नेसायला कुणी घेतलेल्याच नसतात. द्यायघ्यायच्या साड्या म्हणून दुकानात त्यांचा वेगळा गठ्ठा असतो. स्वस्त, चकचकीत, नायलॉनच्या. जिवंतपणी जिला वर्षाला एक नवी साडी मिळायची मारामार, तिच्या नावानं नदीत गाठोडं जातं.

वयनीची सासू गेली तेव्हा असंच गाठोडं झालं. बाराव्याला ते सोडायला वयनीबरोबर मी गेले होते, कारण एकटीनं नदीवर जायला तिला भंय दिसत होता. ओहोटी होती. तिनं एकेक साडी पाण्यात सोडली. शेवटची होती पोपटी, लाल काठाची, घडीसुद्धा न मोडलेली. ती पाण्यावर पसरली, फुगली आणि डुलत डुलत समुद्राकडे निघाली. वयनीनं हात जोडले. "गेली गो. सुखान गेली." मीही हात जोडले. मी वाळपईची. गेलेलं परत येतं हे मला कुठलं ठाऊक?

त्यानंतरच्या अमावास्येला दुपारी आरडाओरड झाली. मानशीचं एक दार मिटत नव्हतं आणि भरती चढत होती. उमेश बसमधून उतरून तसाच धावत गेला, शर्ट काढून बांधावर टाकला आणि उतरला. वयनी मागोमाग, आणि तिच्या मागे मी. पाणी गढूळ, मानशीच्या तोंडाशी गरगर फिरणारं. एका बाजूनं नदी जोर करतेय आणि फटीतून पाणी फुसफुसत आत शेतात जातंय. त्या फटीच्या दिशेनं सगळं ओढलं जात होतं.

उमेश बुडी मारायचा, वर यायचा, श्वास घ्यायचा. वयनी बांधावर उकिडवी बसून हाक मारायची, "उमो, आसस मगो?" तो डोकं वर काढून म्हणायचा, "आसंय गे आये." पुन्हा बुडी. पुन्हा हाक. असं चाललं होतं. मग एकदा हाक गेली आणि उत्तर आलं नाही.

"उमो, आसस मगो?"

पाणी. नुसतं पाणी. वयनीनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं माझ्या हातात रुतली होती आणि मला ते घरी गेल्यावर कळलं. तिनं पुन्हा हाक मारली. मोठ्यानं नाही. एखाद्याला झोपेतून उठवावं तशी. बांधावर वाड्यातले पुरुष होते, त्यांतला एक धोतर खोचायला लागला, पण तोही उतरेना. काय करायचं कुणालाच सुचत नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरले आहे, पण त्या दुपारचं घाबरणं वेगळं होतं. तसं घाबरल्यावर माणूस देवालाही हाक मारत नाही.

मग तो वर आला. खोकत, काळानिळा. एका हातानं मानशीचा दगड धरून. एक पाय अजून पाण्यात ओढला जात होता, आणि त्या पायाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. पुरुषांनी त्याला बगलांत धरून वर घेतलं. पायाबरोबर ते गुंडाळलेलंही वर आलं. पोपटी, लाल काठाचं.

वयनी रडली नाही. ती त्या काठाकडे बघत राहिली. "मीच सोडलंय ती," ती म्हणाली. "ह्याच हातान."

त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. सासू नातवाला न्यायला आली, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. उमेश उशाशी बसून हसत समजावायचा, "आये, आजी न्हय गो ती. भरती." ती म्हणायची, "भरती आसां दे. पण माणूस मरता, ही साडी मरना. हिका मरण ना, उमो."

उठून बसायला लागल्यावर तिनं काय केलं असेल? परसातल्या माडाखाली खड्डा खणून घेतला. त्यात सासूचं एक जुनं सुती लुगडं पुरलं आणि शेजारी ती पोपटी साडी. पाऊसकाळ संपल्यावर मला हाक आली, "आसस मगे? हय ये बघया." उमेशनं माती उकरली. लुगड्याची माती झाली होती, काठाची दोन बोटं चिंधी तेवढी हाताला लागली. पोपटी साडी जशीच्या तशी वर आली. झटकली, बादलीत बुचकळली, की नेसून लग्नाला जावं. वयनी खाली बसली आणि म्हणाली, "आमच्या वाड्यार आतापर्यंत किती बायको मेले असतीत गो? तेंचे सगळे साडये न्हयत आसत. आणि माझो झील त्या न्हयत उतरता."

न्हय म्हणजे नदी, झील म्हणजे मुलगा. त्या दिवसापासून ती लोकांच्या दारात जायला लागली.

पहिल्या घरी जाताना तिनं रस्ताभर माझा हात सोडला नाही. मेलेल्या माणसाच्या घरात तिला त्या माणसाचा वास यायचा म्हणे. मी अगदी खांद्याला खांदा लावून चालत होते तरी मधेच "आसस मगे?" शेवटी मी म्हटलं, "वयनी, तुमचा हात माझ्या हातात आहे, मी जाते कुठे?" दारात पोचलो. घरचा कर्ता मुलगा बाहेर आला. वयनीनं सगळा दम एकवटला आणि एका श्वासात म्हणाली, "तुमच्या आयचे साडये माका दिया. न्हयत सोडू नकात. माझो झील पाण्यात उतरता."

एवढंच वाक्य. पुढेही प्रत्येक घरी हेच. तिला दुसरं काही बोलता यायचं नाही.

तो मुलगा तापला. "आईची चिता अजून निवली नाही आणि तुमचा डोळा तिच्या कपाटावर?" आम्ही परत फिरलो. वाटेत वयनी म्हणाली, "बरा झाला. आत बोलावल्यान असता तर मी मेलंय असते." पण दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या घरी पुन्हा गेली.

लोक काय काय बोलले ते विचारू नका. ही मेलेल्यांच्या साड्यांवर करणी करते, असं उठलं. बस थांब्यावर तिला पाहून म्हाताऱ्या माणसांनी पाठ फिरवली. एकदा ती दूरच्या आजारी चुलतसासऱ्याला बघायला बिस्किटांचा पुडा घेऊन गेली, तर घरातल्यांचे चेहरे उतरले आणि खुद्द आजारी माणूस उठून बसून म्हणाला, "माका बरां आसा, तू जा." पुढे तो खरंच बरा झाला आणि त्याचं श्रेय वयनीलाच देत राहिला.

गाडं हललं ते भटजींमुळे. वयनीनं त्यांना विचारलं की नदीला पुरती साडी द्यायला हवी का. भटजी घुटमळले, दर्भ चाळवला आणि म्हणाले की तीळ-तुळशीबरोबर वस्त्राचा एक सुती धागा सोडला तरी भाव पोचतो. भटजींचंही खाजनात शेत होतं, हे इथे सांगायला हवं. पण शब्द तर मिळाला. एका घरानं ऐकलं, मग दुसऱ्यानं. धागा नदीला, साड्या वयनीला.

सुती असतील त्यांच्या ती वाकळा शिवायची. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. बाळंतिणींना दुपटी मिळायची. नायलॉनच्या साड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. काही आम्ही रानडुकरांना भिववायला खाजनाच्या कडेनं काठ्यांना बांधल्या. वारा आला की त्या सगळ्या एकदम हलायच्या. तिन्हीसांजेला तिथून जायची कुणाची छाती होईना. ही अमक्याची आई, ती तमक्याची आजी, असं सगळ्यांना रंगावरून ओळखू यायचं. डुकरांचं माहीत नाही, पण माणसं त्या शेताकडे फिरकेनाशी झाली. सगळ्यांत जास्त वयनीच. "मीच बांधलंय आणि माकाच भंय दिसता," म्हणायची. मग एका संध्याकाळी त्या पहिल्या घरचा मुलगा, ज्यानं आम्हाला हाकललं होतं तो, एका जांभळ्या साडीपाशी उभा दिसला. नुसता उभा. साडी त्याच्या मावशीची होती. वयनी ते पाहून मला म्हणाली, "चल, आपण दुसरे वाटेन जावया."

उन्हात नायलॉनचे धागे सुटून चिखलात पडायला लागले तेव्हा ती पुन्हा घाबरली. आता मरण नसलेली वस्तू भातात जाणार. एका दिवसात तिनं सगळ्या साड्या उतरवल्या. त्यांच्या पट्ट्या फाडून ओसरीवर दोऱ्या वळायला बसली. गुरांना बांधायला, गवताचे भारे बांधायला, होडी बांधायला लोक त्या न्यायला लागले.

आणि नवं काही घरात येऊ द्यायची नाही. लग्नात साडी देऊ केली की हात मागे घ्यायची. "नारळ दिया. नारळ मी खातंय." ओटीच्या ब्लाउजपिसांवर तिचा विशेष राग. मी एका चवथीला, म्हणजे गणपतीत, दिलेला एक भयंकर केशरी ब्लाउजपीस वाड्यातल्या सगळ्या घरांत फिरून पुढच्या चवथीला माझ्याच ओटीत आला. मी हसत सुटले. वयनी मात्र गंभीर. "बघ गो. ह्येची पण भरती."

हे सगळं चाललं होतं ते तिच्या लेखी एकाच गोष्टीसाठी. लोक म्हणायचे वयनी नदी वाचवते. एकदा कुणी तरी तिला पंचायतीत बोलवून नारळ-शाल द्यायचं काढलं, तर ती शाल नको म्हणाली आणि नारळ घेऊन आली. नदीबिदी तिला काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की नदीत सोडलेली प्रत्येक साडी तिच्या मुलाच्या पायाकडे येते आहे. अमावास्या-पुनवेच्या आधी तिचा घास गिळत नसे. भरतीच्या वेळेला ती ओसरीवर कान देऊन बसायची. मानशीचं दार मिटलं की धप्प असा आवाज येतो, तो आला की उठायची आणि चूल पेटवायची.

साड्या कमी झाल्या, तशी उमेशला मानशीवरची बोलावणी कमी झाली. पण बंद झाली नाहीत. आमच्या नदीला पलीकडचा काठ आहे, वरची गावं आहेत. सगळ्यांच्या दारात जायला वयनी पुरायची नाही. म्हणून तिनं आणखी एक गोष्ट केली. ती पोपटी साडी तिनं इतके दिवस ठेवली होती. तिच्या पट्ट्या काढल्या, आणखी चार घरच्या साड्यांच्या पट्ट्या घेतल्या, आणि वेणी घालावी तशी एक लांब, मनगटाएवढी जाड दोरी वळली. उमेश पाण्यात उतरण्याआधी ती त्याच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक आपल्या हाताला गुंडाळून बांधावर बसायची.

मला ते बघवेना. म्हटलं, "वयनी, हिनंच त्याला ओढलं होतं ना? दुसरी कसली तरी दोरी घ्या."

"हिका मरण ना म्हणान तर घेतलंय," ती म्हणाली. "तुटाची ना."

गेल्या वर्षी वयनी आजारी पडली. काय झालंय ते डॉक्टरांनी उमेशला सांगितलं आणि उमेशनं मला. तिला कुणी सांगितलं नाही, पण माणसाला कळतं. आश्चर्य असं की आजारपणात तिची सगळी लहानसहान भीती गेली. पाल छताला दिसली तरी बघत पडायची. मी एकदा म्हटलं, "बरं झालं, आता फणसाखालून एकट्या जाल."

"फणसाचा माका आता काय," ती म्हणाली. "माका एकच भंय दिसता. मी गेल्यार त्याका हाक कोण मारतली?"

"मी मारीन."

"तू वाळपयची. तुका भंय दिसतला."

"दिसणारच. जीव जाईल इतका दिसेल."

"मगे बरां," ती म्हणाली. "भंय दिसता तीच नीट हाक मारता." आणि कूस बदलून निजली.

ती गेली तेव्हा मागच्या दारातली हाक बंद झाली. चहा प्यायला बसले की मी कप हातात धरून वाट बघत राहायची. चहा निवून जायचा.

बाराव्याच्या आदल्या दिवशी उमेशचे चुलते आले होते. वडीलधारे, सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं, तिनं दुनियेच्या साड्या अडवल्या, निदान तिचं तरी सगळं रीतीनं होऊ दे, नाहीतर तिचा जीव अडकेल. वयनीच्या साड्यांचं गाठोडं ओसरीवर बांधून ठेवलेलं होतं. चारच साड्या, सगळ्या सुती, सगळ्या विटलेल्या. पण वर माहेरची, नणंदेची, शेजारची असा नव्या साड्यांचा ढीग. उमेश खांबाला टेकून बसला होता. मोठ्या माणसापुढे तो काही बोलेल असं दिसत नव्हतं.

मी दारात उभी राहिले. तोपर्यंत इतक्या दारांत मी वयनीच्या शेजारी उभी राहिले होते, पण तोंड तिनं उघडायचं. आता ते मला उघडायचं होतं. चुलते बघत होते, बायका बघत होत्या. घरात अजून तिच्या तेलाचा वास होता. मला काहीच सुचेना, तेव्हा मी तिचंच वाक्य म्हटलं.

"उमेश, तुझ्या आयचे साडये माका दी. न्हयत सोडू नको. तू पाण्यात उतरतस."

त्यानं मान वर केली. आणि इतके दिवस कोरडा राहिलेला तो दांडगा माणूस ओसरीवर सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. चुलते उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गाठोडं स्वतः उचलून माझ्या हातात दिलं. बाराव्याला उमेशनं आईच्या रोजच्या साडीचा एक धागा ओढून काढला आणि नदीला दिला. धागा कुठे गेला ते दिसलंही नाही.

माझी पाळी यायला फार दिवस लागले नाहीत. अष्टमीची भरती होती, दिवस मावळायला आला होता आणि मानशीचा धप्प आवाज आला नाही. मी ओसरीवरून उठले. मी त्या आवाजाची वाट बघत होते, हे उठल्यावर माझ्या ध्यानात आलं. उमेश दोरी खांद्यावर टाकून निघाला होता. बांधावर त्यानं ती कमरेला बांधली आणि दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. मी ते वयनी गुंडाळायची तसं हाताला गुंडाळून घेतलं आणि तिच्या जागेवर बसले. खाली पाणी गरगरत होतं.

"उमेश, आसस मगो?"

"आसंय गो काकी."

बुडी. दोरी हातातून सरकायला लागली. पोपटी पट्टी गेली, मग जांभळी, मग कुणाच्या तरी आजीची निळी. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. पाण्यावर बुडबुडे आले आणि विरले. दोरी ताठ झाली, मी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडानं नुसतं म्हणत राहिले, हिका मरण ना, हिका मरण ना, तुटाची ना. मी शिकलेली बाई आहे. त्या क्षणी मला दुसरं काहीही आठवत नव्हतं.

तो वर आला. हातात नारिंगी साडीचा बोळा, कुठल्या गावची कोण जाणे. मागोमाग मानशीचं दार धप्प करून मिटलं. बांधावर येऊन तो धापा टाकत बसला तरी माझ्या मुठी उघडेनात. त्यानंच एकेक बोट सोडवून दोरी काढून घेतली.

परत येताना अंधारून आलं होतं. तो मागून त्या ओल्या साडीचं ओझं घेऊन येत होता, मी पुढे. विहिरीपाशी आलो आणि त्या फणसाखाली माझे पाय थांबले. इतकी वर्षं मी तिथून येते-जाते. त्या संध्याकाळी मला तिथे भंय दिसला. काही केल्या पुढचं पाऊल उचलेना, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "वयनी, आसात मगे?"

फणसाची पानं हलली. वयनीच्या घरात दिवा नव्हता.

"आसंय गो काकी," मागून उमेश म्हणाला. "चल."